प्लेगची वंशावळ आणि मृतांचा हिशेब

१/१५ ‘जीनोमने प्लेगचे कोडे सोडवले, आता जुनी दप्तरे चाळण्याची गरज उरली नाही.’ अशा आशयाची विधाने समाजमाध्यमांवर मोठ्या आत्मविश्वासाने फिरत असतात. त्यांत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे मात्र असत्य आहे, आणि त्याची किंमत मृतांना मोजावी लागते. हा थ्रेड या दोन्ही अर्ध्यांविषयी.

२/१५ आधी सत्य. चौदाव्या शतकात युरोप उजाड करणारी ‘ब्लॅक डेथ’ खरोखर प्लेगच होती काय, यावर दीर्घकाळ वाद होता. ग्रॅहम ट्विग यांनी १९८४ मध्ये आणि सॅम्युएल कोहन यांनी २००२ मध्ये तसे मानण्यास नकार दिला. कोहन यांच्या युक्तिवादाचा एक आधार हिंदुस्थानातील प्लेगच्या नोंदी हा होता. येथे आधी उंदीर मरत आणि साथ सावकाश सरकत असे. मध्ययुगीन वर्णने या चित्राशी जुळत नव्हती.

३/१५ हा वाद अखेर दातांनी मिटवला. दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या असतात. मृत्यूसमयी रक्तात जीवाणू असतील, तर त्यांच्या डीएनएचे तुकडे तेथे शतकानुशतके टिकू शकतात. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतील प्लेगबळींच्या दातांतून असे तुकडे मिळाले. २०११ मध्ये त्यांवरून ‘यर्सिनिया पेस्टिस’ या जीवाणूचा त्या काळचा जीनोम जुळवण्यात आला. रोग प्लेगच होता.

४/१५ या तुलनेची रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये. दोन पोथ्यांत एकच लेखनप्रमाद आढळला, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे पाठचिकित्सा मानते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांची कुळे अशीच पारखली. जीवाणूच्या सुमारे ४६ लाख अक्षरांच्या पोथीतही समान बदल समान पूर्वजाकडे बोट दाखवतात.

५/१५ या पद्धतीने जे हाती आले, ते कोणत्याही कागदातून मिळणारे नव्हते. प्लेगचा जीवाणू ‘यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस’ या आतड्याच्या विकाराशी संबंधित जीवाणूपासून निपजला. वाटेत त्याने काही जनुके कमावली, काही गमावली. पिसवेच्या आतड्यात तग धरण्यास साहाय्य करणारे ‘वायएमटी’ हे जनुक कमाईतले. पिसवेतील मुक्कामाच्या आड येणारी काही जनुके मात्र निकामी झाली.

६/१५ २०१५ मध्ये कांस्ययुगीन सांगाड्यांतून मिळालेल्या सर्वांत जुन्या जीनोमांत ‘वायएमटी’ नव्हते. म्हणजे सुमारे ५००० वर्षांपूर्वी हा जीवाणू माणसांना ग्रासत होता, पण त्याचे आणि पिसवेचे नाते अद्याप पक्के झाले नव्हते. रशियातील समारा प्रदेशातील सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या जीनोमांत ते जनुक दिसते. ज्या काळाची लेखी साधने नाहीत, त्या काळाचे हे ज्ञान आहे. त्याचे मोल नाकारणारा इतिहासकार करंटाच म्हणावा लागेल.

७/१५ आता असत्य. साथीच्या जीवाणूचा जीनोम वाचला म्हणजे साथीचा इतिहास कळला, हे ते गृहीतक. त्याला पहिला तडा २०११ च्या त्याच संशोधनाने दिला. लंडनच्या जीनोमची आधुनिक जीनोमांशी तुलना केली असता, त्या भीषण संहाराचा उलगडा करील असा एकही खास बदल त्यात सापडला नाही. विळा जवळपास तोच होता, कापणी मात्र निराळी झाली. असे का, हा प्रश्न जीनोमने इतिहासाकडे परत पाठवला आहे.

८/१५ दुसरी कसोटी मुंबईची. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने गेली. १९०० मध्ये हीच साथ सिडनी बंदरात पोहोचली. तेथे रुग्ण ३०३ आणि मृत्यू १०३. वंशवृक्षावर ही सारी जागतिक साथ एकाच शाखेची आहे.

९/१५ या तफावतीत हवामानाचा आणि पिसवांच्या जातींचा वाटा होताच. पण मांडवीतील धान्याची गोदामे आणि त्यांना खेटून असलेली कोंदट घरे, शहर सोडून रेल्वेने पांगलेली माणसे, १८९६-९७ चा दुष्काळ, बळजबरीच्या तपासणीला भिऊन घरात दडवलेले रुग्ण, यांचा वाटा कोणत्या जनुकात शोधायचा? हे सारे सापडते ते नगरपालिकेच्या अहवालांत, वृत्तपत्रांत आणि खासगी पत्रांत.

१०/१५ पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या देखरेखीखाली सैनिक घरोघर शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्याआधी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले होते. त्या वर्षीच्या जीवाणूचे प्रत्येक अक्षर वाचले, तरी या दोन्ही घटनांचा मागमूस त्यात लागणार नाही.

११/१५ तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. वंशवृक्ष नमुन्यांवर उभा राहतो, आणि प्राचीन नमुना मिळण्यासाठी हाड किंवा दात टिकावा लागतो. थंड, कोरड्या भूमीत डीएनए दीर्घकाळ तगतो. उष्ण, दमट हवेत तो झपाट्याने झिजतो. दहनात तर काहीच उरत नाही. सोनापूरच्या स्मशानात जळालेल्या माणसाची साक्ष कोणती प्रयोगशाळा घेणार? जीनोम हाच एकमेव विश्वासार्ह साक्षीदार ठरवला, तर येथील असंख्य मृत साक्षीवाचून राहतात.

१२/१५ यावर प्रतिवाद होतो की कागदही खोटे बोलतात. बोलतात. मृत्यूचे कारण लपवले जाई, आकडे कमी भरत. परंतु लोक मृत्यू का लपवत होते, हा प्रश्न विचारताच तोच खोटा कागद राज्यकर्त्यांच्या दहशतीचा पुरावा होतो. आणि जीनोमही सोवळा नाही. २०१३ मध्ये १३३ जीनोमांच्या तुलनेतून दिसून आले की या जीवाणूतील बदलांचा वेग सर्व काळी सारखा नसतो. त्यामुळे केवळ बदल मोजून काढलेली तारीख जपूनच वापरावी लागते.

१३/१५ मग या दोन साक्षीदारांनी एकत्र कसे यावे? किर्गिझस्तानात इसिक-कूल सरोवराजवळच्या कारा-जिगाच दफनभूमीत सिरियाक भाषेतील थडग्यांचे शिलालेख आहेत. १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांतील थडग्यांची संख्या एकाएकी वाढलेली दिसते. त्यांतील काहींवर मृत्यूचे कारण म्हणून ‘महामारी’ कोरलेले आहे. ही विसंगती हेरली ती इतिहासकार फिलिप स्लाविन यांनी, आणि तीही जुन्या उत्खननाच्या नोंदी वाचून.

१४/१५ त्या नोंदींनी वाट दाखवली, म्हणून संशोधक त्या सांगाड्यांच्या दातांपर्यंत पोहोचले. २०२२ मध्ये जाहीर झाले की त्यांत प्लेगचा जीवाणू आहे, आणि तो ब्लॅक डेथशी निगडित शाखा जेथून फुटल्या त्या बिंदूवरचा आहे. शिलालेखाने स्थळ आणि वर्ष दिले, दाताने रोग आणि कूळ दिले. कागद निरुपयोगी झाल्याची द्वाही फिरवणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

१५/१५ तेव्हा इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी जीनोमची भाषा अवश्य शिकावी; पाठचिकित्सा जाणणाऱ्याला ती अवघड जाणार नाही. मात्र त्यासोबत मोडी वाचायलाही शिकावे. जीवाणू कोठून आला, हे दात सांगतील. तो आल्यावर कोणाला दार उघडे मिळाले, कोणाला कोंडले गेले आणि कोणाचे मरण मोजलेच गेले नाही, याचा हिशेब दप्तरांत पडून आहे. तो वाचणारी माणसे कमी होत आहेत, आणि कागदाला वाळवीही लागते.