जागच्या जागी

‘गॅरेज’ हा शब्द उच्चारला की आपल्या नंदुरबार जिल्ह्यात डोळ्यांसमोर उभे राहते ते रस्त्याकडेचे मोटारसायकल-दुरुस्तीचे दुकान. पाश्चात्त्य देशांत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेथे घराला लागून मोटार ठेवण्याची खोली असते आणि तिला ते लोक गॅरेज म्हणतात. गंमत अशी की, त्या खोलीत मोटार क्वचितच असते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातल्या ३२ कुटुंबांच्या घरांची तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी बारकाईने पाहणी केली. २०१२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सुमारे तीन चतुर्थांश घरांच्या गॅरेजमध्ये मोटार उभी करण्याइतकी जागाच उरली नव्हती, असे त्यांना आढळले. घरातले नको झालेले सामान आत आणि लाखमोलाची मोटार बाहेर उन्हात!

हे वाचून आपण हसतो. परंतु आपल्या धानोऱ्यात काय निराळे आहे? आपल्याकडे गॅरेज नाही, पण पडवी आहे, गोठ्याला लागून काढलेली पत्र्याची शेड आहे, घराचा माळा आहे. तेथे एकदा नजर टाकावी. मोडका वखर, त्यावर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, त्याखाली युरियाची अर्धी गोणी, तिच्याशेजारी फवारणीचा पंप, पंपाच्या पट्ट्यात अडकलेली सायकलची ट्यूब, कोपऱ्यात डिझेलचा कॅन आणि या सर्वांवर पांघरलेली भोके पडलेली ताडपत्री. पाऊस तोंडावर आला म्हणजे पाभरीची एखादी नळी सापडत नाही. मग सारे घर कामाला लागते आणि शेवटी बाजारातून नवी आणली जाते. जुनी दिवाळीत सापडते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्याच पडव्या पाहून कोणी केली असावी.

‘घर आवरणे’ हा विषय कला शाखेच्या वार्षिकांकात शोभेल काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. साहित्य, समाज, राजकारण सोडून हा पडवीत कोठे शिरला, असेही कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की, अडगळीचा प्रश्न हा सौंदर्याचा नाही, आळसाचाही नाही. तो आरोग्याचा, न्यायाचा आणि घरातल्या श्रमविभागणीचा प्रश्न आहे.

प्रथम आपल्या जुन्या घराकडे पाहू. आपल्या पूर्वजांना व्यवस्थेचे शास्त्र माहीत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. भिंतीत कोनाडा होता, तो दिव्यासाठी. खुंटी होती, ती दोर आणि पगडीसाठी. शिंके दुधादह्यासाठी, मांजराच्या उडीपलीकडे. एकावर एक मडक्यांची उतरंड, तिच्यात कडधान्य आणि बियाणे. शेणाने लिंपलेली बांबूची कणगी धान्यासाठी. आढ्याला बांधून ठेवायची मक्याची कणसे बियाण्यासाठी, कारण चुलीचा धूर लागला म्हणजे कीड दूर राहते. विळा वळचणीला खोचलेला. वस्तू निराळी, तशी तिची जागाही निराळी, आणि त्या जागेला नाव होते. नावामुळेच वस्तू सापडत असे.

मग बिघडले कोठे? घर बदलले आणि सामानही बदलले. सिमेंटच्या भिंतीत कोनाडा नाही, खुंटी ठोकावी तर गिलावा पडतो, आणि स्लॅबच्या घराला ना आढे, ना वळचण. दुसरीकडे फवारणी पंप, पी.व्ही.सी. पाइप, खताच्या गोण्या, औषधांच्या बाटल्या, मोटारसायकलचे सुटे भाग हे सामान दोन पिढ्यांत घरात आले. त्यांच्यासाठी जागा कोणी ठरवलीच नाही. जुन्या जागा गेल्या, नव्या निर्माण झाल्या नाहीत. मधल्या पोकळीत जे साचले त्याला आपण अडगळ म्हणतो.

या अडगळीची किंमत काय असते? १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावच्या शाळेत दुपारचे भोजन घेतल्यावर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळले. पूर्वी कीटकनाशक ठेवलेल्या डब्यात ते तेल ठेवले गेले असावे, असे त्या वेळी सांगण्यात आले. तेथे नवे विष कोणी आणले नव्हते; विषाची जागा आणि अन्नाची जागा एक झाली होती, एवढेच. आपल्या कापूस आणि मिरचीच्या पट्ट्यात फवारणीचे औषध नाही असे शेतकऱ्याचे घर विरळाच. ते किती घरांत धान्याच्या पोत्याला टेकून ठेवलेले आहे, हे वाचकांनी आपापल्या घरी पाहावे. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचीही तीच गोष्ट. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

दुसरी गोष्ट सापाविंचवांची. अडगळीत सांडलेले धान्य असते, धान्यापाठोपाठ उंदीर येतो आणि उंदरापाठोपाठ नाग व घोणस येतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेला आहे. म्हणजे वर्षाला सुमारे ५८ हजार. त्यांत बहुतेक खेड्यांतली. कोकणात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर ‘प्राझोसिन’ हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु विंचवाला बसायला विटांचा ढीग आपणच रचून द्यायचा आणि औषधासाठी डॉक्टरांकडे धावायचे, हा न्याय कोणता?

तिसरी गोष्ट कागदांची, आणि ती आपल्या जिल्ह्यापुरती तरी फार महत्त्वाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या कब्जात असल्याचे दाखवावे लागते. जुनी दंडाची पावती, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, मतदार ओळखपत्र असे कागद पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात. ज्या पावतीने एके काळी आजोबांना अपमान वाटला, तीच आज नातवाच्या हक्काचा आधार होते. आणि ती कोठे असते? माळ्यावर, खताच्या रिकाम्या पिशवीत, वाळवीच्या वाटेवर. वाळवी कायदा वाचत नाही.

आता उपायाकडे येतो. परदेशी पुस्तके सांगतात की, वापरत नाही ते फेकून द्या. हा उपदेश आपल्याला मानवणारा नाही. तुटलेला फाळ लोहाराकडे नेला की त्याचा विळा होतो. जुन्या पाइपचा तुकडा गोठ्याला लागतो. शेतकऱ्याची अडगळ ही एका परीने त्याची शिल्लक आहे. तेव्हा फेकणे हे पहिले सूत्र नव्हे. वेगळे करणे हे पहिले सूत्र. जपानमधील कारखान्यांत प्रसिद्ध पावलेल्या पाच पायऱ्यांतली पहिली पायरी ‘सेइरी’, म्हणजे निवड, आणि दुसरी ‘सेइतोन’, म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा. झाडलोट तिसरी येते. आपण नेमके उलटे करतो. प्रथम झाडू घेतो आणि ढीग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतो.

माझ्या मते पडवीचे पाच विभाग पुरेसे आहेत. पहिला रोजचा: विळा, कुदळ, पावडे, घमेले, दोर. याची जागा दाराजवळ, हाताच्या उंचीवर. दुसरा हंगामी: पाभर, कोळपे, ताडपत्री, ठिबकच्या नळ्या. जड ते खाली, हलके ते वर. आणि नळ्यांच्या भेंडोळ्यांना शेताच्या नावाची चिठ्ठी. तिसरा विषाचा: कुलपाची पेटी, मुलांच्या हाताबाहेर, धान्य व चारा यांपासून दूर. औषध त्याच्या मूळ बाटलीतच राहावे आणि रिकामी बाटली कशासाठीही पुन्हा वापरू नये. या बाटल्यांवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. हा क्रम घरातल्या निरक्षर माणसालाही शिकवता येतो. चौथा विभाग जळाऊ वस्तूंचा: डिझेल, पेट्रोल, ऑइल, चुलीपासून लांब. पाचवा दुरुस्तीचा, आणि त्याला मर्यादा एका खोक्याची. खोके भरले की एक वस्तू दुरुस्त करावी अथवा भंगारवाल्याला द्यावी. त्याशिवाय नवी आत येणार नाही. कागदांना पडवीत जागाच नाही. त्यांची जागा घरात, पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

याला खर्च किती? चार विटांवर फळी टाकली की सामान जमिनीपासून वीतभर वर येते, झाडू खालून फिरतो आणि उंदराला लपायला अंधार राहत नाही. भिंतीला दोन बांबू आडवे बांधले की खुंट्यांचे काम होते. आणि एक युक्ती आपण गॅरेजवाल्या मेस्त्रीकडून घ्यावी. चांगल्या गॅरेजात पाने आकाराच्या क्रमाने भिंतीवर टांगलेले असतात. मेस्त्रीची नजर इंजिनावर असते आणि हात न पाहता बारा नंबरच्या पान्यावर जातो. काही कारखान्यांत तर हत्यारामागे त्याची आकृती भिंतीवर रंगवतात. आपण गेरूने रंगवावी. विळ्याच्या जागी विळ्याची आकृती, कुऱ्हाडीच्या जागी कुऱ्हाडीची. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की कळते, कुऱ्हाड शेतात राहिली.

येथे मला आपल्या ग्रंथालयाची आठवण होते. डॉ. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. ग्रंथपाल रजेवर असले तरी क्रमांकावरून पुस्तक सापडते, कारण जागा त्यांच्या डोक्यात नसून कपाटावर लिहिलेली असते. आपल्या घरात याच्या नेमके उलट आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा आईच्या डोक्यात असते. “अगं, पाना कुठे आहे?” “आई, माझी पावती कुठे ठेवलीस?” ती भाकरी थापता थापता उत्तर देते. ती चार दिवस माहेरी गेली की घर आंधळे होते. ठेवणारे सगळे, शोधणारी एकटी! पडवीतली हत्यारे वापरतात बहुधा पुरुष, आणि ती हरवल्याचा बोल मात्र तिला. म्हणून भिंतीवरची ती गेरूची आकृती मला मोठी वाटते. आईच्या डोक्यावरचे एक न दिसणारे ओझे ती भिंतीवर उतरवते, आणि वस्तू जागेवर ठेवण्याची जबाबदारी ती उचलणाऱ्यावर टाकते.

काही मित्र म्हणतील, हे सारे खरे, पण चार दिवस टिकते. आक्षेप योग्य आहे. जपानी पायऱ्यांतली पाचवी, ‘शित्सुके’ म्हणजे शिस्त, हीच सर्वांत अवघड. परंतु शिस्त उपदेशाने येत नाही, सोयीने येते. वस्तू जागेवर ठेवणे हे ती इकडेतिकडे टाकण्याइतकेच सोपे केले, तरच ती जागेवर जाते. रोजच्या विळ्याला कुलपाची पेटी नको, आणि विषाला उघडी खुंटी नको. एवढे तारतम्य ठेवले की निम्मी शिस्त भिंतच सांभाळते.

शेवटी एक सूचना. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आपण दरवर्षी घेतो. चौक झाडतो, रस्त्याकडेचे गवत काढतो, छायाचित्रे काढतो. पुढच्या शिबिरात एक दिवस पडव्यांसाठी द्यावा. घरमालकाची परवानगी घेऊन, त्याच्याच हाताने आणि आपल्या मदतीने, पाच घरांत तीन कामे करावीत: विषाची पेटी वेगळी करणे, सामान जमिनीपासून वर उचलणे, आणि जुने कागद पेटीत लावून त्यांची यादी करून देणे. प्राध्यापकांनी हा विचार मनावर घ्यावा अशी माझी नम्र विनंती आहे. चौक दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होतो. पण शिबिरात सापडलेली एखादी पावती वनहक्क समितीपुढे उभी राहील, तेव्हा त्या दिवसाचे काम सार्थकी लागले असे म्हणता येईल.