आकाशवाणी कोणाची : दिल्लीची की श्रोत्यांची?

जून २०२३ मध्ये दिल्लीहून एक हुकूम सुटला. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग गुंडाळावा आणि त्याचे काम छत्रपती संभाजीनगरच्या केंद्राकडे सोपवावे, असा त्याचा आशय. हुकूम काढणाऱ्यांनी खुर्च्या मोजल्या असतील, पगारपत्रके तपासली असतील. श्रोत्यांची मोजदाद मात्र कोणी केली नव्हती. ती श्रोत्यांनी स्वतःच करून दिली. पुणेकर खवळले, लोकप्रतिनिधींना कंठ फुटला, वर्तमानपत्रांनी रान उठवले, आणि पाहता पाहता केंद्रीय मंत्र्यांना त्या हुकुमास स्थगिती द्यावी लागली.

हे प्रकरण आम्ही सीमाभागातील वाचकांपुढे मुद्दाम मांडीत आहोत. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? आज कपाटात गेलेली फाईल उद्या दुसऱ्या साहेबाच्या टेबलावर येईल, आणि मग तोच जुना प्रश्न नव्या सूटबुटात उभा राहील : या मोबाईलच्या जमान्यात रेडिओ ऐकतो तरी कोण?

कोण ऐकतो ते आम्ही सांगतो. ज्याचे हात गुंतलेले आहेत आणि कान मोकळे आहेत, तो ऐकतो. शिलाईयंत्रावर वाकलेला शिंपी ऐकतो, गोठ्यात धार काढणारी गृहिणी ऐकते, रात्रपाळीचा पहारेकरी ऐकतो, उसाला पाणी पाजीत बांधावर बसलेला शेतकरी ऐकतो. ज्यास डोळ्यांनी दिसत नाही आणि ज्यास अक्षर येत नाही, त्यांचे तर तेच वर्तमानपत्र. या मंडळींचे मत घेण्यास दिल्लीचा कोणता अधिकारी आला होता? खाजगी वाहिन्या आहेत की, असे कोणी म्हणेल. जरूर आहेत, पण आजवरच्या नियमानुसार त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, फार तर आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवाव्यात! म्हणजे या देशात रेडिओवरून बातमी सांगण्याचा मक्ता ज्या एकाच संस्थेकडे ठेवला, तिचेच स्थानिक तोंड बंद करावयाचे. या न्यायाला काय म्हणावे?

स्थानिक केंद्राची किंमत ज्यांना खर्चाच्या रकान्यातच दिसते त्यांनी पुण्याचाच इतिहास चाळावा. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच १९५५ च्या रामनवमीस त्यावर गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल बांधावी आणि आठवड्याला एक नवे गीत लोकांपुढे यावे, असा तो क्रम वर्षभर चालला. गीते झाली ५६. या योजनेमागे उभे राहिले ते केंद्रातील सीताकांत लाड, मूळचे गोमंतकीय. माणूस, कवी, गायक आणि श्रोता एकाच मुलखातले, एकाच भाषेतले होते, म्हणून ते घडले. हेच काम एखाद्या मध्यवर्ती कचेरीतून सर्व केंद्रांसाठी सामाईक म्हणून काढले असते तर काय झाले असते, याची कल्पना ज्याची त्याने करावी. आम्हांस तर निविदा आणि त्रिसदस्य समितीच डोळ्यांपुढे येते.

आणि केवळ गाण्यांचीच ही गोष्ट आहे असे नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने याच पुणे केंद्राने मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांच्या १५० खेड्यांत एक प्रयोग केला. गावात वीसएक माणसांचे श्रोतेमंडळ असावयाचे, आठवड्यातून दोनदा त्यांनी अर्धा तास कार्यक्रम ऐकावयाचा, मग त्यावर बोलावयाचे, शंका लिहून केंद्राकडे पाठवावयाच्या आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांची दखल घ्यावयाची. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची रीतसर पाहणी केली तेव्हा दिसले ते असे की, ज्या गावांत मंडळे होती तेथील लोकांच्या माहितीत भरीव वाढ झाली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती तशी झाली नाही. वाचकहो, या निष्कर्षात सारे मर्म आहे. पेटी बोलते एवढ्याने काही होत नाही. आपण विचारलेल्या प्रश्नास पेटीतून आपल्या भाषेत उत्तर आले, म्हणजे ऐकणारा माणूस सरसावून बसतो. १९५९ पासून हीच पद्धत देशभर नेली गेली. खेड्यातल्या माणसाच्या शंकेला उत्तर देण्याचे हे काम हजार मैलांवरून करता येत नाही.

श्रोता मुका आहे, या समजुतीत राहिलेल्यांची फजिती पूर्वीही झाली आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री असताना, १९५२ नंतर, लोकांची अभिरुची सुधारावी या उदात्त हेतूने चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. त्यांनी फक्त खुंटी पिळली आणि रेडिओ सिलोन लावला. पाच वर्षांत, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, सरकारला विविध भारती काढावी लागली. केसकर आपलेच, मराठी, विद्वान, संगीताचे जाणकार. तरीही श्रोत्यांपुढे त्यांचे चालले नाही.

पूर्वी रेडिओ ठेवणारा मनुष्य पोस्टात जाऊन वर्षाचे परवानाशुल्क भरीत असे. १९८५ मध्ये ते रद्द झाले. सोय झाली खरी, पण त्या सोयीबरोबर श्रोत्याच्या हातातील पावतीही गेली, आणि ज्याच्या हाती पावती नाही त्यास सरकार मालक समजत नाही, लाभार्थी समजते! खर्च तर आजही आपल्याच करातून होतो. अमेरिकेत सार्वजनिक रेडिओची स्थानिक केंद्रे आहेत. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा श्रोत्यांनी आपखुशीने दिलेल्या वर्गणीचा असतो. जुलै २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले. लहान गावांतील केंद्रांवर मोठे संकट आले, पण ज्या केंद्रामागे वर्गणीदार उभे होते त्याला निदान कोणाकडे जावे हे ठाऊक होते. आपल्या केंद्रामागे कोण उभे आहे?

आता सीमाभागाकडे वळू. नकाशावर रेघ ओढता येते, हवेत ओढता येत नाही. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये मध्यम लहरींवर सुरू झाले. या लहरी जमिनीच्या अंगाने पसरत जातात, त्यामुळे सांगलीचा मराठी शब्द निपाणी-चिकोडीच्या घरांत पोचला, त्यास कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही. एफएमचे तसे नाही. ती लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की थांबते आणि मनोऱ्यापासून फार लांब टिकत नाही. गेल्या काही वर्षांत देशभर मध्यम लहरींची प्रक्षेपके जुनाट म्हणून एकामागून एक मोडीत निघत आहेत. एफएमचा आवाज अधिक स्वच्छ, हे आम्हांस मान्य आहे. पण जो आवाज आमच्या उंबरठ्यापर्यंत येतच नाही त्याच्या स्वच्छतेचे आम्ही काय करावे? मोबाईलवरील ॲप आहे, हे उत्तर तर ठरलेलेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठी वीज गेली, तेव्हा मोबाईलची बॅटरी किती तास पुरते याचा अनुभव लोकांनी घेतला आहे. दोन सेलवरचा रेडिओ मात्र आठवडे चालतो.

आकाशवाणीच्या स्वतःच्या जाहीर उद्दिष्टांत सीमाप्रदेशातील रहिवाशांच्या विशेष गरजांचा उल्लेख आहे. ते शब्द लिहिणाऱ्याच्या मनात हिमालयातील सीमा असेल, आमची नसेल. पण शब्द तर तोच आहे, आणि १९९० च्या प्रसारभारती कायद्याच्या बाराव्या कलमात प्रादेशिक भाषांना पुरेसे स्थान देण्याचे कर्तव्यही सांगितलेले आहे. धारवाडच्या केंद्राशी आमचे वैर नाही. ज्या केंद्राचे संगीत-सल्लागार मल्लिकार्जुन मन्सूर होते त्याच्याशी वैर कोण करील? कानडी श्रोत्यास जे धारवाडने दिले ते मराठी श्रोत्यास मराठीत मिळावे, एवढाच आमचा हट्ट आहे.

लहरींचे सामर्थ्य या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या रानांतून, ट्रकवर बसवलेल्या यंत्राने, कोकणी व पोर्तुगीज भाषांत गोवामुक्तीचे प्रसारण चालवले. पोर्तुगीज सरकारजवळ १९४६ पासून स्वतःचे केंद्र होते. तरी या दोन माणसांचा आवाज १९६१ पर्यंत त्यांस बंद करता आला नाही, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी विमानातून मुक्तीची घोषणा करण्याचा मानही त्याच दोघांना मिळाला. पुढल्याच वर्षी पणजीत आकाशवाणी आली आणि तिने कोकणीबरोबर मराठीलाही जागा दिली.

आकाशवाणी निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. तिची भाषा पुष्कळदा परिपत्रकाची असते, भाषणे झोप आणतात, सत्तेवरील पक्षास दुखवण्याचे धाडस तिने क्वचितच केले आहे. नैमित्तिक उद्घोषकांना महिन्यात मोजक्या पाळ्या आणि तुटपुंजे मानधन देऊन ही केंद्रे रेटली जातात, हे तर लाजिरवाणे आहे. पण घर गळते म्हणून कोणी आढे विकीत नाही, कौले शाकारतो.

तेव्हा सीमाभागातील प्रत्येक वाचनालयाने, तरुण मंडळाने व महिला मंडळाने या पंधरवड्यात पत्रे लिहावीत. एक पत्र आपणांस ऐकू येणाऱ्या केंद्राच्या संचालकांस, एक प्रसारभारतीस दिल्लीला, एक आपल्या खासदारास. पत्रात गाव व तालुका लिहावा, कोणते केंद्र कोणत्या वेळी ऐकू येते, कोणते पूर्वी येत असे व आता येत नाही, आणि कोणता कार्यक्रम हवा आहे, हे स्पष्ट नमूद करावे. पत्र मराठीतच लिहावे, आणि त्याची एक प्रत वाचनालयाच्या दफ्तरी ठेवावी.