शुगर आहे म्हणून कॅन्सरचं ऑपरेशन टाळू नका

मांजरीकरांनो,

"आईला शुगर आहे, बीपी आहे, आता या वयात ऑपरेशन नको." घरोघरी हे मायेनेच बोललं जातं. पण त्वचेच्या कॅन्सरमध्ये ही माया जिवावर बेतते, म्हणून कळकळीचं हे आवाहन.

गालावरचा न भरणारा फोड, भाजल्याच्या जुन्या व्रणावर उठलेली गाठ, तळपायावर पसरत चाललेला काळा डाग यांकडे काणाडोळा करू नका. मधुमेही माणसाच्या पायाची जखम तर 'शुगरचीच असणार' म्हणून महिनोन्‌महिने मलमपट्टीवर राहते. कंबरही तपासा. धोतर घट्ट बांधण्याच्या जागी होणाऱ्या कॅन्सरची नोंद टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी सहकाऱ्यासह १९४५ सालीच केली होती. पुढे परकराच्या नाडीखाली बायकांनाही तो झालेला आढळला. मळ्यात जन्म काढलेल्या आपल्या आया-आज्यांच्या कमरेवर नाडीचा काळा वळ असतोच. त्यावरची जखम महिनाभरात भरली नाही, तर तुकडा काढून तपासायलाच हवा. सुरी लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका.

गाठ लहान असेल तर बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून ती काढतात. पूर्ण भूल लागत नाही, हृदयावर फारसा ताण येत नाही, पुष्कळदा त्याच दिवशी घरी येता येतं. थांबलात तर गाठ खोल जाते, अवधाणात पसरते, मग मोठी भूल आणि दुसरीकडची कातडी लावणं आलं. शुगर आणि हृदयविकार खरे नडतात ते तेव्हा. दुसरे आजार असलेल्यांनीच अधिक घाई करावी, ती यासाठी.

मात्र डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद करू नका. हे मी पुन्हा सांगते, कारण चूक इथेच होते. त्वचेवरचं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. गोळी सोडल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली किंवा पक्षाघाताचा झटका आला, तर नुकसान कायमचं होऊ शकतं. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतील. पेसमेकर असेल तर आधी सांगा, कारण रक्त थांबवण्याच्या विजेच्या उपकरणाने त्यात अडथळा येऊ शकतो. शुगर फार वाढलेली असेल तर जखम चिघळते, म्हणून ती आधी आटोक्यात आणतात. पण 'शुगर नॉर्मल झाल्यावर बघू' म्हणत घरीच बसू नका, आणि न विचारता उपाशीपोटीही जाऊ नका. किडनी बदललेल्यांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, त्यांनी तर एक दिवसही दवडू नये. प्रकृती अगदीच तोळामासा असेल, तर काही जणांना शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन देता येतं. तो निर्णयही तपासणीनंतरचा.

ससून रुग्णालय पुणे स्टेशनजवळच आहे. तिथे त्वचारोग विभागात दाखवा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड न्या, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसतो का, ते आरोग्यमित्राला विचारा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत ठेवा.

आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळपाय, कंबर, चेहरा उजेडात नीट बघा. शंका आली तर याच आठवड्यात दवाखाना गाठा.