नऊशे रुपयांचा पट्टा आणि सोळा वर्षांची गाडी

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलून घेतला. आता ही काय पोस्ट टाकून सांगायची गोष्ट आहे का, असं वाटेल. मलाही दोन वर्षांपूर्वी तसंच वाटलं असतं. तेव्हा हा बेल्ट असतो कुठे हेसुद्धा मला धड माहीत नव्हतं.

दिवाळीत आमचे दाजी पुण्याहून कराडला निघाले होते. गाडी डिझेल, सेकंडहँड, तीन वर्षांपूर्वी घेतलेली. "सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी." (महाराष्ट्रात विकायला आलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते, इतके डॉक्टर आहेत कुठे ते कळत नाही.) खंबाटकीचा घाट चढताना इंजिन एकाएकी बंद. आधी खडखड नाही, धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. स्टेअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा कडक. मागे मालाने भरलेला ट्रक. दाजींनी हँडब्रेक ओढला, ताईने उतरून चाकामागे दगड लावला. मागची दोन पोरं रडायला लागली होती. ट्रकवाला शहाणा होता, लांबच थांबला. तो थांबला नसता तर ही पोस्ट वेगळी असती.

बेल्ट तुटला होता. गॅरेजमध्ये हेड उतरवल्यावर व्हॉल्व्ह वाकलेले, दोन पिस्टनवर खुणा. खर्चाचा आकडा 58 हजार. गाडीची किंमत लाख-सव्वा लाख. शेवटी ती भंगारात गेली. बेल्ट वेळेत बदलला असता तर आणखी पाच-सात वर्षं सहज चालली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट, त्याच्यामुळे पिस्टन वर-खाली होतात. वर कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँक दोन फेरे फिरला की कॅमने बरोबर एकच फेरा मारायचा. हा ताळमेळ काही गाड्यांत साखळी सांभाळते, काहींत दातेरी रबरी पट्टा. तोच टायमिंग बेल्ट. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत येतात, फक्त वेळ वेगळी. पट्टा तुटला की वेळ चुकते आणि लोखंडावर लोखंड आपटतं. गंमत म्हणजे रबर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं. म्हणून कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतात, जे आधी येईल ते. "माझी गाडी फिरतच नाही हो" हे सांगून उपयोग नाही.

तर दाजींचं झाल्यावर मी माझ्या गाडीकडे वळलो. 2009 ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, मीटर 94 हजारावर. बेल्ट कधी बदलला? वडिलांना विचारलं, त्यांना आठवेना. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव लिहीत नाही, कुठल्याही सेंटरला थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं म्हणून. ॲडव्हायझरने टॅबवर एस्टिमेट काढलं, 14,200 रुपये. बेल्टबरोबर इंजिन डिकार्बनायझिंग, एसी क्लीनिंग, असं बरंच काही. मी म्हटलं, फक्त बेल्टचं बोला. तर म्हणाला, "सर, सोळा वर्षं झाली गाडीला. यात पैसे घालण्यापेक्षा एक्स्चेंज का नाही करत?" आणि पाच मिनिटांत सेल्सचा मुलगा समोर हजर.

मग आमच्या मार्केट यार्डामागच्या मिस्त्रींकडे. त्यांनी पार्टची यादी लिहून दिली, म्हणाले स्वतः आणा, पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा नंबर बघा, डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे. बेल्ट साधारण नऊशेचा. टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग. वॉटर पंप, कारण तोही याच बेल्टवर फिरतो आणि उद्या गळला तर सगळं परत खोलावं लागणार. दोन ऑइल सील, कारण गळकं ऑइल बेल्टवर पडलं की रबर खातं. सगळे मिळून 4,300, मजुरी 1,800.

मी पूर्ण वेळ तिथे स्टुलावर बसून होतो. दोन्ही पुलींवरच्या खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, टेन्शन लावलं. मग त्यांनी चावी मारली नाही. पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि खुणा परत तपासल्या. एक दात जरी सरकला असता तरी गाडी पिकअप घेणार नाही, म्हणाले. जुना बेल्ट माझ्या हातात दिला. दातांच्या मुळाशी चिरा होत्या. शेवटी बॉनेटच्या आत पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले.

आता मुद्द्यावर येतो. याच गाडीचं गेल्या वर्षी आरटीओत री-पासिंग केलं. पंधरा वर्षं पूर्ण झाली ना. पूर्वी कारच्या नूतनीकरणाची फी 600 होती, एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. वीस वर्षांवरच्या गाडीला 2025 मध्ये 10,000 केलीय. शिवाय पर्यावरण कर वेगळा, पीयूसी वेगळी, आणि आता नवीन नंबर प्लेट. मी सगळं भरलं, तक्रार नाही. तिथे चेसिस नंबर बघितला, लाइट, हॉर्न, इंडिकेटर बघितले. घाटात ज्याच्यामुळे गाडी बंद पडते त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. दाजींची गाडी तर पंधराचीही नव्हती. कागदावर ती 'तरुण' होती.

म्हणजे सरकारच्या लेखी गाडीचं वय फक्त कॅलेंडरवर मोजायचं. ऑगस्ट 2021 मध्ये स्क्रॅपेज धोरण आलं, जुनी गाडी मोडीत काढा, नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत घ्या. ठीक आहे, प्रदूषणाचा मुद्दा खरा आहे. बीएस-3 ची गाडी आजच्या गाडीइतकी स्वच्छ नाही, माझीही नाही, हे मान्य करायला लाज कसली. पण ज्याची नवीन गाडीच्या हप्त्याची ऐपत नाही तो गाडी मोडीत काढणार नाही, तो ती तशीच चालवणार. मग ती नीट चालवता येईल अशी सोय कोण करणार?

सोय व्हावी असं म्हणणारे निर्णय झालेत, गंमत तीच आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू देत नाहीत. पुढे अपिलं, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. आमच्या मिस्त्रींना विचारलं, हे ऐकलंय का? ते म्हणाले, "पोर्टल राहू द्या, टॉर्कचे आकडे कुठे मिळतील ते सांगा." ते आकडे ते यूट्यूबवर शोधतात. नशीब, शोधतात तरी.

माझी मागणी फार मोठी नाही. गाडीचं नाव ट्रान्सफर होताना विमा आणि पीयूसी मागता, तसा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याचा एक रकाना ठेवा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं विकणाऱ्याने सही करून लिहावं. दाजींनी तो शब्द वाचला असता तर गाडी घेतल्या दिवशी गॅरेजला नेली असती. आणि दुरुस्तीचं पुस्तक कंपन्यांनी मराठीत, फुकट, उघड्यावर ठेवावं. आयटीआयच्या पोरांना तरी.

आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. याच गाडीला मी आठ हजारांचे सीट कव्हर आणि टचस्क्रीन बसवली होती, बेल्टची आठवण झाली नव्हती.

ज्यांच्याकडे सेकंडहँड गाडी आहे त्यांनी उद्या सकाळी पुस्तक काढून बघा, बेल्ट आहे की साखळी. पुस्तक नसेल तर मिस्त्रीला फोटो पाठवा. तारीख सापडत नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. दाजींनी आता परत एक जुनी गाडी बघितलीय, रविवारी आम्ही दोघं मिस्त्रींना घेऊन बघायला जाणार आहोत. मालक डॉक्टर आहे म्हणे.