मागण्यात आम्ही कमी पडलो?

परवा एका घरी प्रार्थनासभा होती. जालन्यात आमची मंडळी फार मोठी नाही, त्यामुळे बाहेरगावचा प्रचारक आला की जुनेजाणते सगळेच जमतात. मीही गेलो. घरातल्या मुलाला थॅलेसेमिया आहे. सात वर्षांचा पोर, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पाहुण्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून खणखणीत आवाजात प्रार्थना केली. इथवर माझी काहीच तक्रार नाही. मग ते त्याच्या आईकडे वळून म्हणाले, "बाई, देव द्यायला तयार आहे, तुम्ही मागण्यात कमी पडता. विश्वासाने मागितलं तर या बाटल्यांची गरजच उरणार नाही."

मी चाळीसेक वर्षं मुलांना शिकवलं. चुकीचं उत्तर ऐकलं की गप्प बसवत नाही. पण त्या दिवशी गप्प बसलो, यजमानांचा मान म्हणून. त्याची भरपाई आज करतो आहे.

हे वाक्य मी पूर्वीही ऐकलं आहे. आमच्या हिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. चार वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तेव्हाही असेच एक गृहस्थ आले आणि तिला हेच सांगून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरलेली, रिक्षा दारात, आणि ही म्हणाली, "आज नको जाऊ या. देवाला वाटेल आपला भरवसा मशीनवर आहे." त्या दिवशी आम्ही गेलो नाही. रात्री तिला श्वास लागला, अडीच वाजता गाडी शोधत फिरलो. थोडक्यात निभावलं. त्या गृहस्थांना हे कधी कळलंही नसेल. बोलणारा निघून जातो, ओझं आजाऱ्याच्या उशाशी ठेवून.

बरं, हे लोक आधार कशाचा घेतात? लूकच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेचा. न्याय मिळेपर्यंत ती न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही, शेवटी तो कंटाळून निकाल देतो. अर्थ काय लावायचा, तर तुम्हीही देवाला असंच भंडावून सोडा. अहो, पण तो न्यायाधीश कसा होता ते वाचा ना! देवाला न भिणारा, माणसांची पर्वा नसलेला. प्रभूने त्याला देवाची उपमा म्हणून आणलेलं नाही, उलट बाजूने उभं केलं आहे. असला माणूससुद्धा शेवटी ऐकतो, मग बाप ऐकणार नाही का, असा तो सवाल आहे. आमच्याकडे विधवा बाई निराधार योजनेच्या पैशासाठी कचेरीत चकरा मारते. आज साहेब नाहीत, उद्या कागद अपुरा, परवा शिक्का राहिला. असले साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या प्रचारकांनी देवाला त्याच खुर्चीवर नेऊन बसवलं आहे. म्हणे फेऱ्या कमी पडल्या, अर्जात खोट राहिली!

आता कुणी म्हणेल, विश्वासाने मागाल ते मिळेल असं प्रभूनेच सांगितलं आहे. सांगितलं आहे, आणि मी ते खोडत नाही. पण सांगणाऱ्यानेच गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि प्याला टळला नाही. पौलाने अंगातला काटा निघावा म्हणून तीनदाच मागणं केलं. काटा राहिला. यांच्या विश्वासाला किती गुण द्यायचे, ते या परीक्षकांनी सांगावं.

लांब कशाला, आपल्या पंडिता रमाबाई घ्या. 1897 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. मुक्तीची प्रार्थना साऱ्या ख्रिस्ती जगात गाजली. पण तिथे विहिरीही खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. प्रार्थना केली म्हणून कुदळ खाली ठेवली नाही. खुद्द बाईंना तरुणपणापासून ऐकू कमी येई, ते सुधारलं नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल 1922 मध्ये, बाई गेल्या, त्याही बायबलच्या भाषांतराचं काम शेवटपर्यंत करत. रमाबाई मागण्यात कमी पडल्या, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

2012-13 चा दुष्काळ आठवतो. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शहर टँकरवर जगत होतं. पावसासाठी आम्हीही गुडघे टेकले. त्याच सुमारास घाणेवाडी तलावातला गाळ लोकसहभागातून निघत होता, शेतकरी तो शेतात नेऊन टाकत होते. "गाळ काढता म्हणजे पावसावर भरवसा नाही" असं त्यांना कुणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. म्हटलं असतं तर हसले असते लोक. मग तेच वाक्य आजारी माणसाला सांगितलं की आपण 'आमेन' का म्हणतो?

मग चिकाटीने प्रार्थना करायचीच कशाला, हा प्रश्न राहतो. माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नाही. हिची वही आहे. शंभर पानी, शाळेच्या मुलांची असते तशी. डायलिसिसच्या खाटेवर शेजारी कोण होतं, कुणाच्या मुलीचं लग्न अडलं आहे, कुणाकडे भाड्याला पैसे नाहीत, सगळी नावं तारखेनिशी. आणि रोजच्या यादीत शेवटी स्वतःसाठी एकच शब्द, "मूत्रपिंड". त्या एका दिवसानंतर तिने डायलिसिस कधी चुकवलं नाही आणि तो शब्द लिहिणंही कधी सोडलं नाही. जाण्याआधी चार दिवस, थरथरत्या अक्षरात, तो आहेच. मागितलेलं मिळालं नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी ज्याच्याकडे मागायचं तो आपला आहे, याबद्दल तिला शंका नव्हती. मला होती, अजूनही अधूनमधून असते. असो.

सभेहून आलो त्या रात्री मी त्याच वहीत तारीख घालून त्या पोराचं नाव लिहिलं, पुढे रक्तगट. सकाळी त्याच्या आईला फोन केला. येत्या गुरुवारी रक्त चढवायचं आहे. ती म्हणाली, "सर, जायचं ना?"

म्हटलं, "साडेआठला तयार राहा, मी येतो."