सहा मणी आणि मिनिटभर वाळू

दोस्तांनो, आज आधी एक काम करा. घरात किंवा शेजारी एखादं तान्हं बाळ असेल ना, तर ते झोपलेलं असताना हळूच त्याच्याजवळ जाऊन बसा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की झाला एक श्वास. असे एका मिनिटात किती होतात ते घड्याळ लावून मोजा बरं!

काय, जमलं? पोटाकडे बघावं तर घड्याळ राहतं, घड्याळाकडे बघावं तर मधले दोन-तीन श्वास निसटतात. त्यात बाळाचा श्वास आपल्यापेक्षा कितीतरी भरभर चालतो. मध्येच ते हातपाय झाडतं, की पुन्हा एकपासून सुरुवात!

पण ही नुसती गंमत नाही हं. न्यूमोनियात फुप्फुसातल्या इवल्याशा पिशव्या पू आणि पाण्याने भरतात. हवेला जागा कमी पडते. मग बाळ भराभर श्वास घेऊन ती तूट भरून काढायला बघतं. म्हणून खोकणाऱ्या बाळाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर धोका. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला ही रेघ 50 वर.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली, तेव्हा तिथल्या खेड्यांत न्यूमोनियाने पुष्कळ मुलं दगावत होती. जंगलातल्या गावात एक्स-रे कुठला यायला? म्हणून त्यांनी गावातल्याच माणसांना हा आजार ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. 58 गावांत हे काम चाललं, शेजारच्या 44 गावांशी तुलना केली. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आकडे छापून आले: पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू एकीकडे 17.5, तर उपचार मिळालेल्या गावांत 8.1. निम्म्याहूनही कमी!

तरी एक घोडं अडलंच. बाळाजवळ सगळ्यात आधी पोचणार ती गावातली दाई. अनुभवाने पक्की, पण शाळेत कधी न गेलेली. तिने 60 मोजायचे कसे, आणि घड्याळ वाचायचं कसं? ‘आधी शिकून या’ असं तिला सांगणं सोपं होतं. बंगांनी दाईला बदललं नाही, मोजण्याची रीतच बदलली. (मला विचाराल तर खरी हुशारी इथे आहे.)

त्यांनी एक साधं उपकरण बनवलं. त्यात एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. वाळू उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून दहा. अगदी तान्ह्यासाठी सहा मण्यांची ओळ, मोठ्या बाळासाठी पाच मण्यांची. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, की समजायचं न्यूमोनिया! नजर बाळावर, बोटं मण्यांवर. आकडा लक्षात ठेवायला नको आणि लिहायलाही नको.

तुम्हीही हे करून बघू शकता. दोन छोट्या बाटल्या, मधे भोक पाडलेलं झाकण आणि सुतात ओवलेले सहा मणी. वाळू मात्र बारीक चाळून उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर भोकात अडकते. मिनिट बरोबर भरेपर्यंत वाळू कमी-जास्त करत राहा. आधी स्वतःचे श्वास मोजा, मग जिना धावत चढून या आणि पुन्हा मोजा. किती मणी सरकले?

आणि हो, हा झाला आपला खेळ. खरोखरच एखादं बाळ खोकत असेल आणि श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर मणी-बिणी शोधत बसू नका. मोठ्यांना हाक मारा आणि बाळाला थेट दवाखान्यात न्यायला सांगा.