व्यवहाराचा हिशेब : मायलेज किती, की माल किती?

व्यापारात वाहन घेण्याचा विचार निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “लिटरला किती जाते?” प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. प्रवासी मोटारीच्या बाबतीत तो बराचसा पुरतो, कारण मोटारीत माणसेच बसायची असतात. मालवाहू वाहन मात्र मालासाठी असते. म्हणून त्याची परीक्षा लिटरमागे किती किलोमीटर यावर न करता एक क्विंटल माल गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवण्यास किती इंधन लागले, यावर करावयास हवी. हा भेद ध्यानात न आल्यामुळे अनेक कुटुंबांनी चुकीच्या वाहनाचे हप्ते वर्षानुवर्षे फेडले आहेत.

जयसिंगपूर येथील एका घाऊक किराणा दुकानातील प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. दुकान चुलत्या-पुतण्याचे. इचलकरंजी, कुरुंदवाड आणि आसपासच्या खेड्यांतील किरकोळ दुकानांना माल पोहोचवण्यासाठी रोज भाड्याचा टेम्पो लागे. स्वतःचे वाहन घ्यावे यावर दोघांचे एकमत होते. कोणते घ्यावे यावर मात्र नव्हते. ज्यांना सारे घर अण्णा म्हणते त्या थोरल्यांचा कल लहान गाडीकडे होता, कारण तिचे मायलेज जास्त. पुतण्याचे म्हणणे, “अण्णा, घ्यायचीच तर मोठी घेऊ. दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत होईल.” मोठ्या गाडीसाठी सुमारे तीन लाख रुपये अधिक कर्ज काढावे लागणार होते, आणि त्यासाठी घर तारण ठेवण्याची तयारीही त्याने बोलून दाखवली. ज्या घरात तीन पिढ्या नांदल्या त्या घराचे कागद बँकेत जाणार, या कल्पनेने अण्णांची झोप उडाली होती.

बाजारात पर्याय पुष्कळ आहेत. २००५ साली आलेल्या ‘टाटा एस’ने, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘छोटा हत्ती’ने, लहान व्यापाऱ्याला प्रथमच परवडणारे चारचाकी मालवाहन दिले. दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन आणि सुमारे ७५० किलो वहनक्षमता ही त्याची ओळख. २०११ साली आलेले अशोक लेलँडचे ‘दोस्त’ सव्वा टनाच्या वर्गातील होते. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये अडीच लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन असून तिचे प्रकार १.३ टनापासून १.७ टनांपर्यंत आहेत. मारुतीची ‘सुपर कॅरी’ २०१६ साली डिझेलवर आली. पुढे ती पेट्रोल व सीएनजीवर मिळू लागली. तिच्या पेट्रोल प्रकाराची वहनक्षमता ७४० किलो, तर सीएनजी प्रकाराची ६२५ किलो आहे. हा फरक मुख्यतः गॅसच्या टाक्यांच्या वजनाचा. इंधनात बचत होते, पण प्रत्येक फेरीत एक क्विंटलाहून अधिक माल मागे राहतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी सांगते. शिवाय सीएनजी किलोवर विकला जातो आणि डिझेल लिटरवर. तेव्हा दोहोंच्या ‘मायलेज’ची थेट तुलना फसवी ठरते. तेथे दर किलोमीटरला किती रुपये, एवढाच हिशेब खरा.

माहितीपत्रकातील आकडा खोटा नसतो. पण तो प्रयोगशाळेतील असतो. तेथे वाहन रुळांवर, ठरवून दिलेल्या वेगक्रमाने चालवले जाते. रस्त्यावर घाट असतो, बाजारपेठेतील गर्दी असते, चाकांत हवा कमी असते आणि हौद्याच्या वर ताडपत्रीचा फुगा असतो. वेग साठवरून ऐंशीवर नेला की हवेचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो. त्यामुळे घाईने चालवणारा चालक आणि शांतपणे चालवणारा चालक यांच्या हाती तीच गाडी वेगवेगळे मायलेज देते.

दुकानातील वाद मिटवला तो सूनबाईंनी. बिलांचे काम त्याच पाहत. त्या म्हणाल्या, “अण्णा, गाडी कोणती घ्यायची ते आपली वहीच सांगेल. मला आठ दिवस द्या.” गेल्या वर्षाची बिले काढून त्यांनी प्रत्येक दिवशी किती क्विंटल माल बाहेर गेला त्याचा तक्ता केला. मग दोन्ही वर्गांतील गाड्या आळीपाळीने काही आठवडे भाड्याने लावल्या. एकाच पंपावर टाकी पूर्ण भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा भरताना किती लिटर बसले ते लिहायचे, आणि असे निदान चार वेळा करायचे, हा त्यांचा नियम. जाताना भरलेली आणि येताना रिकामी, असा सरासरी हिशेब निघाला. साडेसात क्विंटलच्या लहान गाडीने लिटरला १८ किलोमीटर दिले, तर सतरा क्विंटलच्या मोठ्या गाडीने १२.

येथवर अण्णांचेच म्हणणे खरे वाटत होते. परंतु तक्त्याने निराळी गोष्ट दाखवली. रोजची फेरी जाऊन-येऊन ६० किलोमीटरची. सहा क्विंटल माल असेल तर लहान गाडीला ३.३३ लिटर डिझेल लागे, मोठीला ५ लिटर. म्हणजे क्विंटलमागे ०.५६ लिटर विरुद्ध ०.८३ लिटर. माल पंधरा क्विंटल असेल तर लहानीला दोन फेऱ्या कराव्या लागत आणि ६.६७ लिटर जळे; मोठी मात्र ५ लिटरांतच काम उरके. म्हणजे ०.४४ विरुद्ध ०.३३. ज्या गाडीचे मायलेज कमी, तीच भरगच्च मालासाठी स्वस्त! प्रश्न एवढाच उरला की असे भरगच्च दिवस किती? महिन्यातील २६ कामाच्या दिवसांपैकी सहा. उरलेल्या वीस दिवशी माल सात क्विंटलच्या आतच होता.

त्यानंतरचा हिशेब सरळ होता. रोज एक फेरी लहान गाडीची धरली आणि सहा दिवशीचा जादा माल भाड्याच्या टेम्पोने पाठवायचा ठरवला, तर महिन्याला १३० लिटरऐवजी सुमारे ८७ लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरल्यास ३,९०० रुपये वाचतात. पाच वर्षांच्या मुदतीच्या आणि दहा टक्के व्याजाच्या कर्जावर दर लाखाला सुमारे २,१२५ रुपयांचा हप्ता बसतो; तीन लाखांचे ६,३७५ रुपये झाले. दोन्ही मिळून १०,२७५ रुपये. सहाने भागले तर सुमारे १,७००. जादा टेम्पोचे भाडे फेरीला या रकमेच्या आत असेपर्यंत लहान गाडीच फायद्याची.

पुतण्याने आणखी एक मार्ग सुचवला होता. “लहान गाडीतच बारा क्विंटल भरू, सगळेच भरतात.” त्यावर सूनबाईंनी नोंदणी पुस्तक पुढे केले. वाहनाचे एकूण मान्य वजन वजा रिकामे वजन म्हणजे वहनक्षमता. त्यातूनही नंतर बसवलेली जाळी आणि हमालांचे वजन वजा करावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत. एका दंडात पाच महिन्यांची डिझेलची बचत बुडते. आणि उतारावर ब्रेक तापून निकामी झाले, तर त्या हानीला कोणत्याच वहीत रकाना नसतो.

अखेर लहान गाडी आली. घराचे कागद कपाटातच राहिले. पुतण्या काही दिवस हिरमुसला; पण पुढे वहीत रोजचा माल आणि डिझेल तोच नेमाने लिहू लागला. व्यापार वाढून भरगच्च दिवस महिन्याला चौदा-पंधरा झाले की मोठी गाडी घ्यायची, हे अण्णांनीच त्याला आपणहून सांगितले.

यावरून लहान गाडीच श्रेष्ठ, असा अर्थ कोणी काढू नये. रोज पंधरा क्विंटल साखर किंवा कांदा नेणाऱ्याने लहान गाडी घेणे ही तितकीच मोठी चूक ठरेल. आणि ज्याला परतीचा माल हमखास मिळतो, त्याचे गणित आणखी निराळे. म्हणून विक्रेत्याच्या दालनात पाऊल ठेवण्यापूर्वी आपल्या दुकानाची वर्षभराची बिले काढून बसावे. किती माल, किती अंतर आणि किती दिवस, ही तीन उत्तरे हाती आली की कोणती गाडी घ्यावी हे दुसऱ्याला विचारण्याची फारशी गरज उरत नाही.